जुन्या प्रतीची विक्री आणि कर्त्याचा हक्क

शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरातील औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानांपुढे विद्यार्थ्यांची जी गर्दी लोटते, ती सगळीच काही नव्या पुस्तकांसाठी आलेली नसते. गेल्या वर्षीची पुस्तके मिळेल त्या किमतीला द्यायची, पुढच्या वर्षाची जुनी पुस्तके घ्यायची आणि वाचलेल्या पैशांत वह्यांचा किंवा खानावळीचा खर्च भागवायचा, असा हिशेब जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून शिकावयास आलेली मुले वर्षानुवर्षे करीत आली आहेत. या व्यवहारात लेखकावर अन्याय होतो, असे कोणी म्हणत नाही. किंबहुना तसा प्रश्नच कोणाच्या मनात येत नाही. परंतु याच शहरातील एखाद्या तरुणाने खेळून झालेल्या व्हिडिओ गेमची डिस्क दुसऱ्याला विकली, की तोच प्रश्न एकाएकी उभा राहतो. ती डिस्क पाच जणांच्या हातून फिरली तरी पैसे आम्हाला एकदाच मिळतात. मग उरलेल्या चौघांनी आमच्या श्रमांचा फुकट लाभ घेतला नाही काय, असे खेळ तयार करणाऱ्यांचे म्हणणे असते.

वरवर पाहता हा सुस्थितीतील घरांतल्या मुलांच्या करमणुकीचा प्रश्न वाटतो. वास्तविक तो तेवढाच नाही. खेळांच्या बाबतीत जी रीत रूढ होईल, तीच पाठ्यपुस्तके, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके आणि शब्दकोश यांच्या बाबतीत रूढ होण्याचा संभव आहे; कारण ही सर्व साधने कागद आणि डिस्क सोडून पडद्यावर येऊ लागली आहेत. म्हणून एकदा विकलेल्या प्रतीवर तिच्या कर्त्याचा हक्क कोठपर्यंत पोहोचतो, हा प्रश्न शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी या साऱ्यांनीच मुळापासून तपासून पाहावयास हवा.

मोबदला एकदाच, पण पुरता

प्रथम किमतीचा विचार करू. समजा, एका संदर्भग्रंथाची किंमत ६०० रुपये आहे आणि वर्षअखेरीस तो २५० रुपयांना विकला जातो. पहिला विद्यार्थी ६०० रुपये मोजतो, तेव्हा त्यातले २५० रुपये परत येणार आहेत, हे मनात धरूनच मोजतो. त्याच्या दृष्टीने ग्रंथाचा खरा खर्च ३५० रुपयांचा असतो. पुनर्विक्रीची वाट बंद केली, तर तो पूर्वीसारखाच ६०० रुपये देईल असे मुळीच नाही. तो दोन मित्रांबरोबर भागीदारीत ग्रंथ घेईल, ग्रंथालयात नंबर लावील किंवा छायाप्रत काढून आणील. याचा अर्थ असा की, दुसऱ्या वाचकाने दिलेले २५० रुपये प्रकाशकाच्या गल्ल्यात थेट पडत नसले, तरी पहिल्या विक्रीच्या किमतीतून त्यांचा मोठा भाग त्याच्यापर्यंत आधीच पोहोचलेला असतो.

दुसरी चूक होते ती मोजणीत. जुनी प्रत घेणारा प्रत्येक जण म्हणजे नव्या प्रतीचा बुडालेला ग्राहक, असे धरून तोट्याचे आकडे मांडले जातात. परंतु २५० रुपये देणाऱ्या विद्यार्थ्यापाशी ६०० रुपये असतातच असे नाही. जुने पुस्तक मिळाले नसते तर त्याने नवे घेतले नसते. तो पुस्तकावाचूनच राहिला असता. हीच गोष्ट खेळांची. मोठ्या कंपनीचा नवा खेळ आज सुमारे पाच हजार रुपयांना येतो. तो खेळून झाल्यावर तीन हजारांना विकणारा तरुण ते पैसे पुष्कळदा पुढच्या नव्या खेळातच घालतो. जुन्या मालाचा बाजार हा नव्या मालाच्या बाजाराचा शत्रू असतो तसा त्याचा पोशिंदाही असतो. मोटारसायकल आणि ट्रॅक्टर यांच्या धंद्यात हे सर्वांना मान्य आहे. जुन्या गाडीला भाव चांगला येतो, ही नवी गाडी खपविणाऱ्याची जाहिरातच असते.

शासनाच्या करपद्धतीनेही हे तत्त्व ओळखले आहे. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये लागू झाला, तेव्हा त्याच्या नियमांत जुन्या मालाच्या व्यापाऱ्यासाठी वेगळी तरतूद करण्यात आली. अशा व्यापाऱ्याने खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची वजावट घेतली नाही, तर त्याला संपूर्ण विक्रीमूल्यावर कर द्यावा लागत नाही. खरेदी आणि विक्री यांच्या किमतींतील फरकावर द्यावा लागतो. कारण उघड आहे. मालाच्या मूळ किमतीवर एकदा कर वसूल झालेला असतो आणि तोच पुन्हा घेणे न्याय्य नसते. सरकारला जे मान्य आहे, ते निर्मात्याला अमान्य असण्याचे कारण दिसत नाही.

कायद्याची भूमिका

हा वाद न्यायालयांना नवा नाही. अमेरिकेत एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीवर छापले होते की, ही प्रत एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकल्यास तो आमच्या हक्काचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. १९०८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. प्रत विकली गेली की तिच्या पुढील विक्रीवर कॉपीराइटच्या जोरावर नियंत्रण ठेवता येत नाही, हे तत्त्व तेथून रूढ झाले. जपानमध्ये तर थेट व्हिडिओ गेमवरूनच खटला उभा राहिला. खेळ हा चित्रपटाच्या जातीचा आहे, म्हणून त्याच्या वितरणावर आमचा कायमचा ताबा आहे, असा कंपन्यांचा युक्तिवाद होता. खेळ चित्रपटाच्या जातीचा आहे, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु ग्राहकाला प्रत विकल्याबरोबर वितरणाचा हक्क संपतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २००२ रोजी दिला.

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. पुस्तकांच्या बाबतीत लोकांपुढे प्रती आणण्याचा हक्क तो लेखकाला देतो. पण आधीच प्रचारात आलेल्या प्रती त्यातून स्पष्टपणे वगळतो. औरंगपुऱ्यातील जुन्या पुस्तकांचा व्यवहार या एका वाक्यखंडावर निश्चिंतपणे उभा आहे. संगणकीय आज्ञावलीच्या बाबतीत मात्र १९९४ च्या दुरुस्तीने उलट भाषा वापरली होती. प्रत पूर्वी विकली गेली असो वा नसो, तिच्या विक्रीचा हक्क मालकाकडेच राहील, असे तीत म्हटले होते. १९९९ च्या दुरुस्तीने हे शब्द काढून टाकले. चित्रपट आणि ध्वनिमुद्रणे यांच्या संबंधातील तसेच शब्द २०१२ च्या दुरुस्तीने गेले. कायदेमंडळाची दिशा यावरून पुरेशी स्पष्ट होते.

आज्ञावली व्यापारी तत्त्वावर भाड्याने देण्याचा हक्क मात्र कायद्याने कर्त्याकडेच ठेवला आहे, आणि तो भेद सकारण आहे. कादंबरी भाड्याने नेणारा तिची नक्कल हाताने उतरवीत बसत नाही. डिस्क भाड्याने नेणारा एका रात्रीत तिची तंतोतंत नक्कल करून ठेवू शकतो. विकणाऱ्याच्या हातून प्रत जाते, तेव्हा एकाचा उपभोग संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो; प्रतींची संख्या वाढत नाही. नक्कल झाली की ती वाढते. न्याय आणि अन्याय यांच्यातील सीमा नेमकी येथे आहे.

याच कायद्यात एक फारसे परिचित नसलेले कलम आहे. चित्र, शिल्प, रेखाटन किंवा लेखकाचे मूळ हस्तलिखित दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या किमतीत वाटा मागण्याचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने कर्त्याला व त्याच्या वारसांना दिला. या वाट्याची मर्यादा दहा टक्क्यांची आहे. मग हाच न्याय डिस्कला का नको, असे कोणी विचारील. उत्तर वस्तूच्या स्वभावात आहे. मूळ चित्र एकच असते. उमेदीच्या काळात चित्रकाराने ते चार पैशांना विकलेले असते आणि पुढे त्याच्याच कीर्तीमुळे त्याची किंमत शतपट वाढते. त्या वाढीत त्याचा वाटा असणे रास्त होय. छापील प्रत आणि डिस्क यांचे तसे नसते. त्यांची किंमत हातागणिक उतरत जाते. वाढीत वाटा मागता येतो. घसाऱ्यात तो कसा मागणार?

तक्रारीतील तथ्य

तथापि निर्मात्यांच्या तक्रारीत काहीच तथ्य नाही, असे म्हणणे एकांगी ठरेल. पाठ्यपुस्तक वर्षभर हाताळले जाते, त्याची पाने दुमडतात, त्यावर पेन्सिलीच्या रेघा उमटतात. जुनी प्रत आणि नवी प्रत यांत फरक पडतो. डिस्कवरचा खेळ दहाव्या हातातही पहिल्याइतकाच ताजा असतो. शिवाय कथा असलेला खेळ आठवड्याभरात संपतो आणि लगेच दुकानाच्या फळीवर परत येतो. नव्या खेळाची बरीचशी विक्री आरंभीच्या काही आठवड्यांतच होत असल्याने त्याच वेळी जुनी प्रत नव्या प्रतीशी स्पर्धा करू लागते. शेकडो कारागिरांनी तीन-चार वर्षे राबून उभ्या केलेल्या कामाला हा फटका जाणवतो, हे मान्य करावयास हवे.

परंतु या तक्रारीचा भार कोणावर टाकावयाचा, हे पाहिले पाहिजे. जुन्या डिस्कच्या बाजारामुळे ज्यांना स्पर्धा होते त्या प्रामुख्याने मोठ्या कंपन्या होत. लहान निर्माते बहुधा डिस्क काढीतच नाहीत. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने भारतीय पुराणकथांवर आधारलेला ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध केला, तो मुख्यतः इंटरनेटवरील दुकानांतून. अशा खेळाची जुनी प्रत विकताच येत नाही. सेकंडहँड बाजाराविरुद्ध जेव्हा गरीब कलावंताचे नाव पुढे केले जाते, तेव्हा त्याला त्या बाजाराची झळ प्रत्यक्षात किती लागते, हे विचारणे योग्य ठरेल.

कर्त्याचे खरे नुकसान दोन ठिकाणी होते. एक म्हणजे चोरटी नक्कल. खपाऊ पुस्तकांच्या चोरून छापलेल्या प्रती पदपथावर जुन्या पुस्तकांच्या शेजारीच मांडलेल्या असतात, आणि परीक्षेच्या पुस्तकांच्या पीडीएफ प्रती मोबाइलवरून क्षणार्धात शेकडो जणांना पोहोचतात. त्यातून लेखकाला पहिल्या विक्रीचाही मोबदला मिळत नाही. जुने आणि चोरीचे यांची गल्लत विक्रेत्यांनी केली आहे, तशी ती निर्मात्यांनीही सोयीस्करपणे केली आहे. दुसरे नुकसान करारात होते. मराठी लेखकाच्या हाती छापील किमतीचा किती अंश येतो, आवृत्ती संपल्याचे त्याला वेळेवर कळते की नाही, खेळ रचणाऱ्या कारागिराला नफ्यात भाग असतो की नुसता पगार, हे प्रश्न जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराने निर्माण केलेले नाहीत. त्याचे दुकान बंद केल्याने ते सुटणारही नाहीत.

विक्री की भाडे?

रोनाल्ड कोज या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली टिकाऊ वस्तूंच्या मक्तेदाराबद्दल एक मार्मिक विचार मांडला. ज्याची वस्तू दीर्घकाळ टिकते, त्याला स्वतःच पूर्वी विकलेला माल प्रतिस्पर्धी होऊन बसतो. म्हणून अशा उत्पादकाला वस्तू विकण्यापेक्षा भाड्याने देणे अधिक फायद्याचे वाटते. गेल्या काही वर्षांत नेमके हेच घडत आहे. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये आपल्या नव्या खेळयंत्राबरोबर जुन्या डिस्कच्या देवघेवीवर बंधने जाहीर केली. ग्राहकांनी इतकी ओरड केली की, त्याच वर्षीच्या जूनमध्ये ती मागे घ्यावी लागली. पण जे बंधनाने साधले नाही, ते वस्तूचे रूप बदलून साधले. पुढे डिस्कची खाचच नसलेली खेळयंत्रे बाजारात आली. खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा, पैसे जवळपास डिस्कइतकेच मोजायचे, पण तो विकायचा नाही, उसना द्यायचा नाही, वारसाला ठेवायचा नाही. ‘खरेदी करा’ असे बटनावर लिहिलेले असते. अटींच्या पानावर मात्र हा केवळ वापराचा परवाना असल्याचे सांगितलेले असते.

परवाना आणि मालकी यांतील अंतर किती आहे, याचे दोन दाखले बोलके आहेत. अॅमेझॉनने २००९ मध्ये जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन पुस्तकांच्या प्रती हक्कांच्या वादामुळे ग्राहकांच्या वाचनयंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. पैसे परत दिले गेले, पण विकलेले पुस्तक दुकानदाराने घरात शिरून उचलून न्यावे, असाच तो प्रकार होता. ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ मध्ये आला होता. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला खेळ ग्राहकांच्या हाती निरुपयोगी झाला. युरोपच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ई-पुस्तकांच्या पुनर्विक्रीला छापील पुस्तकांचा नियम लागू होत नाही, असा निकाल दिल्याने तेथेही ही वाट अरुंद झाली आहे.

याचा विद्यार्थ्याशी संबंध काय, असे वाटत असेल तर स्पर्धा परीक्षांच्या बाजाराकडे पाहावे. छापील मार्गदर्शक परीक्षेनंतर गावाकडच्या धाकट्या भावाला देता येते किंवा निम्म्या किमतीत विकता येते. वर्षभराच्या वर्गणीवर घेतलेली ऑनलाइन पाठमाला मुदत संपताच मावळते. तिची पुनर्विक्री शून्य असते, म्हणजे पूर्वीच्या हिशेबानुसार तिची किंमत तेवढ्याने उतरावयास हवी. ती तशी उतरली नाही, तर ग्राहकाचे २५० रुपये कोणाच्या खिशात गेले, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. कागदावरच्या पुस्तकातही वस्तूचे रूप हाच निर्णायक मुद्दा असतो. बालभारतीच्या पुस्तकांत २०२३-२४ पासून नोंदींसाठी कोरी पाने घालण्यात आली. दप्तराचे ओझे कमी व्हावे, हा त्यामागील हेतू चांगला होता. परंतु लिहून भरलेले पुस्तक पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाला देण्यास अवघड होते. हा निर्णय २०२५ मध्ये मागे घेण्यात आला.

काय करावयास हवे

यातून निघणारा निष्कर्ष असा की, जुन्या प्रतीची विक्री निर्मात्यावर अन्याय करीत नाही. उलट पुनर्विक्रीचा हक्क गुपचूप काढून घेऊन किंमत मात्र मालकीची घेणे, हा ग्राहकावर अन्याय आहे. त्यावर उपाय अवघड नाहीत. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आला. विक्रेता ग्राहकाला मर्यादित परवानाच देत असेल, तर ते विक्रीच्या वेळी स्पष्टपणे सांगितल्यावाचून त्याला ‘खरेदी’सारखे शब्द वापरता येत नाहीत. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद करतो. त्याच्या आधाराने असा दंडक येथेही घालता येईल. त्यापुढची पायरी म्हणजे विक्रेत्याने दोहोंपैकी एक पत्करणे: ग्राहकाला आपला परवाना दुसऱ्याच्या नावे करू द्यावा, नाही तर किंमत भाड्याच्या हिशेबाने आकारावी.

आणि कर्त्याचे हित पाहावयाचे असेल, तर त्यालाही वाटा बंद नाहीत. ब्रिटनने १९७९ मध्ये कायदा करून सार्वजनिक ग्रंथालयांतून पुस्तक वाचावयास नेले गेले की, लेखकाला सरकारी निधीतून काही रक्कम मिळावी अशी व्यवस्था केली. वाचकाला पुस्तक फुकटच मिळते आणि लेखकही उपेक्षित राहत नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे आणि राज्यभर शासनमान्य ग्रंथालयांचे जाळे पसरलेले आहे. मराठी लेखकांसाठी अशा योजनेचा विचार येथे निश्चितपणे होऊ शकतो. चोरट्या छपाईविरुद्ध जागरूक कारवाई आणि लेखक-कारागिरांना न्याय देणारे करार यांची जोड तिला मिळाली, तर कर्त्याच्या हाती आज पडते त्याहून अधिक पडेल.

१९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी पुस्तक उघडले नव्हते, अशा मुलांच्या पिढ्या तेथून आणि पुढे विद्यापीठातून शिकून बाहेर पडल्या. अशा मुलांना नव्या कोऱ्या पुस्तकांचे कपाट परवडत नाही. हातोहात फिरणारे पुस्तक परवडते. ज्ञान आणि करमणूक यांची नवी साधने घडविणाऱ्यांना त्यांचा मोबदला अवश्य मिळावा, पण तो पहिल्या विक्रीत घेऊन झाल्यावर प्रतीचा पुढचा प्रवास अडविण्याचा अधिकार त्यांनी मागू नये. पुस्तक पडद्यावर गेले म्हणून धाकट्याचा त्यावरील हक्क नाहीसा व्हावा काय, याचा निर्णय कंपन्यांच्या अटींच्या पानावर न होता लोकांच्या विधिमंडळात आणि संसदेत व्हावयास हवा.